1 स्टार दिला होता, आता 4 देतोय : टेंपरेचर मोजणारा 34 डॉलरचा मल्टिमीटर आणि माझ्या मियाटाचा न फिरणारा पंखा

आधीच सांगून टाकतो, याच मल्टिमीटरला (वायरिंग तपासायचं हातातलं यंत्र) मी दीड महिन्यापूर्वी 1 स्टार दिला होता आणि खाली लिहिलं होतं की "टेंपरेचर चुकीचं दाखवतो, घेऊ नका, पैसे पाण्यात". पैसे पाण्यात हे अगदी शब्दशः खरं होतं कारण त्याची वायर तेव्हा उकळत्या पाण्यातच होती. पण चूक मीटरची नव्हती, माझी होती, आणि ती आईने दाखवून दिली जिने आयुष्यात मल्टिमीटर हातात धरलेला नाही. तर हा सुधारून लिहिलेला रिव्ह्यू. लांब झालाय, चहा घेऊन बसा.

माझ्याकडे 1992 ची माझदा मियाटा आहे. लाल, दोन सीटची, बटण दाबलं की हेडलाइट बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येतात ती. ही गाडी 1989 साली शिकागोच्या ऑटो शोमध्ये पहिल्यांदा दाखवली होती, तेव्हा मी सांगलीत चौथी-पाचवीत असेन आणि आमच्या गल्लीत एकच गाडी होती, समोरच्या वकीलकाकांची प्रीमियर पद्मिनी. माझी गाडी 1.6 लिटरवाली, 116 हॉर्सपॉवर. आता हसू नका, आज भाजी आणायला नेतात त्या गाड्यांनाही यापेक्षा जास्त असते, पण वजन हजार किलोच्या आसपासच असल्याने वळणावर जी मजा येते ती येते. आम्ही अमेरिकेत डेन्वरला राहतो, डोंगर अर्ध्या तासावर, म्हणून घेतली. बायको म्हणते चाळिशीचा आजार आहे, मी म्हणतो असूदे, दुसऱ्या आजारांपेक्षा स्वस्त आहे. (तो स्वस्त नाहीये हे तिला माहितीये.)

तर जूनमधला एक रविवार, संध्याकाळी डोंगरातून परत येत होतो. इथल्या लोकांना आय-70 हायवेची रविवारची गर्दी सांगायला नको, अख्खं डेन्वर एकाच वेळी घरी निघालेलं असतं, आयडाहो स्प्रिंग्जपासून मुंगीच्या पावलाने चाललो होतो, आणि टेंपरेचरचा काटा जो कायम मधल्याच्या किंचित खाली असतो तो हळूहळू वर सरकायला लागला. गाडी थोडी पळाली की खाली, थांबली की परत वर. हे लक्षण ज्याला कळतं त्याला लगेच कळतं : पळताना समोरून वारा मिळतो म्हणून रेडिएटरचं भागतं, थांबल्यावर ते काम पंख्याने करायचं असतं आणि पंखा झोपलेला आहे. मी गाडीचा कापडी टप खाली टाकला आणि हीटर फुल्ल लावला, पंखा चारवर, म्हणजे इंजिनची उष्णता केबिनमधून बाहेर. 32 डिग्री उन्हात हीटर लावून बसलेला लाल गाडीतला मराठी माणूस, शेजारच्या लेनमधल्या पोरांनी व्हिडिओ काढला. काढू दे. लहानपणी खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून, बाटलीने रेडिएटरमध्ये पाणी ओतत उभ्या असलेल्या फिअॅट पाहिल्यात मी, त्यापुढे हे काहीच नाही. त्यांचा पंखा तर बेल्टवर होता, इंजिन फिरतंय तोवर पंखा फिरणारच, इलेक्ट्रिक पंख्याची ही अशी लपाछपी नव्हती.

घरी आलो, दुसऱ्या दिवशी गाडी एका मोठ्या चेन गॅरेजमध्ये टाकली. नाव लिहीत नाही, त्यांच्या दुसऱ्या शाखा चांगल्या असतील. डायग्नोसिसचे 149 डॉलर घेतले आणि संध्याकाळी फोन : पंख्याची अख्खी असेंब्ली, रेडिएटर, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की उघडणारी पाण्याची झडप), सगळं मिळून 1140 डॉलर. मी विचारलं मोटर जळलीये हे कसं चेक केलं, तर समोरचा म्हणाला "इट्स नॉट कमिंग ऑन सर". अहो, ते मीच सांगितलं होतं तुम्हाला! त्याचेच 149 दिले मी? घरातला दिवा लागत नाही म्हणून कोणी आख्खं झुंबर बदलतं का, आधी बटण बघतो ना माणूस. गाडी परत आणली आणि त्याच रात्री हा मीटर ऑर्डर केला.

आता मीटरबद्दल. पिवळा-काळा रबरी कव्हरवाला, ब्रँडचं नाव म्हणजे कॅपिटलमधली सहा अक्षरं जी कोणाला उच्चारता येणार नाहीत, आणि तोच मीटर तसाच्या तसा चार वेगळ्या नावांनी विकायला आहे, त्यामुळे नावाला काही अर्थ नाही. फोटोत मध्ये गोल मोठा डायल आणि वर केशरी बटण दिसलं की समजा तोच. मी घेतला याचं एकच कारण, सोबत टेंपरेचरची वायर येते, के टाइपची, दोन बारीक तारांच्या टोकाला बाजरीच्या दाण्याएवढा मणी. व्होल्ट, ओहम (विजेला किती अडथळा होतो ते), बीप (जोड सलग असेल तर वाजतो), 10 अँपिअर आणि टेंपरेचर, 34 डॉलरमध्ये. फ्लूक कंपनीचा चांगला मीटर याच्या कितीतरी पट महाग आहे आणि तो घेण्याएवढं माझं काम नाही.

पंख्याची साखळी अशी समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. बॅटरी, मग 30 अँपिअरचा फ्यूज, मग रिले (छोट्या इशाऱ्यावर मोठा करंट सोडणारा स्विच), मग मोटर, मग मोटरची अर्थ (गाडीच्या लोखंडी अंगातून बॅटरीच्या मायनसकडे परतीचा रस्ता). आणि रिलेला "आता लाव" असं सांगणारा एक छोटा थर्मोस्विच, थर्मोस्टॅटच्या हाउसिंगमध्ये आटे पाडून बसवलेला, करंगळीएवढा. एकच वायर. कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) साधारण 97 डिग्रीला पोचलं की हा आतून ती वायर गाडीच्या अंगाला टेकवतो, म्हणजे अर्थ करतो, आणि पंखा सुरू. थंड झालं की सोडतो. बास. यातली कुठली कडी तुटली आहे एवढंच शोधायचं असतं, पार्ट नंतर.

पहिला फ्यूज. बॉनेटखालच्या काळ्या डबीत, झाकणावर "कूलिंग फॅन" लिहिलेलं असतं. नुसतं बघून चांगला वाटतो पण जुने फ्यूज दिसतात चांगले आणि असतात तडकलेले, म्हणून काढून बीपवर लावला. टुण्ण. ठीक. मीटरचा बीप लगेच वाजतो, आमच्या जुन्या मीटरसारखा विचार करत बसत नाही, हे आवडलं.

आता खरी गंमत, आणि जुनी मियाटा असलेल्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं. बॉनेट उघडलं की डावीकडे एक छोटी काळी डबी आहे, झाकणावर "डायग्नोसिस" लिहिलेलं. 10 मधल्या 9 जणांनी ती कधी उघडलेली नसते. गॅरेजवाल्यानेही उघडली नव्हती कारण वरची धूळ जशीच्या तशी होती, माझ्या बोटाचा ठसा पहिला उमटला. झाकणाच्या आतल्या बाजूला कुठल्या भोकात काय आहे त्याचा नकाशाच छापलाय. त्यातलं एक टीएफए (थर्मोस्विचची वायर) आणि एक जीएनडी (ग्राउंड, म्हणजे अर्थ). इंजिन बंद, चावी ऑनवर, आणि या दोन भोकांत वायरचा तुकडा घालून जोडायचे. मी यू-पिन सरळ करून वापरली, मुलीच्या प्रोजेक्टच्या कागदाला लावलेली. म्हणजे थर्मोस्विचने जे करायला हवं होतं ते आपण हाताने केलं. फक्त भोकं नीट वाचून घाला, शेजारीच बॅटरीचा प्लस येणारं भोक पण आहे, तिथे पिन गेली तर वेगळा रिव्ह्यू लिहावा लागेल.

पिन घातली आणि पंखा घर्रर्र करून असा फिरला की मी दचकून मागे सरकलो. 30 वर्षांची मोटर, काय तो आवाज, वाळलेली पानं उडाली.

म्हणजे फ्यूज चांगला, रिले चांगला, मोटर चांगली, अर्थ चालू. 1140 डॉलरमधली असेंब्ली तिथल्या तिथे बाद, एका यू-पिनने. (एसी लावून बघा असंही काही जण सांगतात, कारण एसीबरोबर पंखे फिरायला हवेत, पण माझ्या एसीतला गॅस कधीच गेलाय त्यामुळे तो रस्ता माझ्यासाठी बंद होता. तुमचा एसी चालत असेल तर सगळ्यात आधी तेच करा, हातसुद्धा काळे होत नाहीत.)

मोटर फिरते म्हणजे दमदार फिरते असं नाही, म्हणून पंखा चालू असताना व्होल्टेज घेतलं. बॅटरीवर 12.3 आणि मोटरच्या कनेक्टरवर 11.9, एवढा फरक चालतो. अर्थच्या बाजूला किती व्होल्ट हरवतात तेही मोजायला हवं, आणि इथे मीटरची पहिली तक्रार : लीड्स (मीटरच्या दोन वायरी) जेमतेम हात-दीड हात लांब आणि मियाटाची बॅटरी असते डिकीत! हो, मागे, डिकीत उजव्या कोपऱ्यात, वजन बरोबर वाटलं जावं म्हणून. म्हणजे एक टोक पुढे पंख्यापाशी आणि दुसरं मागे बॅटरीच्या मायनसवर, मध्ये आख्खी गाडी. शेवटी दिवाळीच्या माळेची जुनी वायर काढून जोडली. 0.2 व्होल्ट. उत्तम. तर लीड्स छोट्या आणि कडक, थंडीत तर काडीसारख्या होतील, आणि टोकांना चिमटे येत नाहीत, ते वेगळे घ्यावे लागले. अर्धा स्टार इथे गेला.

आणि अर्धा स्टार माझ्या मूर्खपणाचा, तो मीटरच्या खात्यात टाकणं बरोबर नाही पण सांगतो म्हणजे तुम्ही करणार नाही. मला हौस आली की पंखा किती अँपिअर ओढतो ते बघू. फ्यूज काढला, त्या जागी मीटर 10 अँपिअरवर लावला, पिन घातली, आणि टिक. पंखा हललाच नाही, स्क्रीनवर शून्य. मोटर एकदा फिरायला लागली की कमी घेते पण सुरुवातीच्या झटक्याला कितीतरी पट जास्त ओढते, आणि मीटरच्या आतला छोटा काचेचा फ्यूज उडाला. त्या कामाला चिमट्याचा क्लॅम्प मीटर लागतो, हा नाही. चार स्क्रू, बॅटरीचं झाकण, मग आतला फ्यूज, अर्धा तास गेला. आतला फ्यूज काचेचा आहे हे बघितल्यावर एक गोष्ट मात्र ठरवली, याच्या अंगावर "कॅट थ्री 600 व्होल्ट" (म्हणजे घरच्या मेन विजेलाही सुरक्षित) असं दिमाखात छापलंय पण मी हा घराच्या मेन बोर्डात कधीही घालणार नाही. चांगल्या मीटरमध्ये त्यासाठी जाडजूड, वाळू भरलेले फ्यूज असतात, ते यात नाहीत. गाडीच्या 12 व्होल्टसाठी ठीक. आणि अँपिअर मोजून झाल्यावर लाल लीड परत व्होल्टच्या भोकात लावायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी बॅटरीला लावाल तेव्हा सरळ शॉर्ट.

असो. राहिले दोनच संशयित, थर्मोस्विच आणि त्याची वायर. स्विचवरून वायर काढली, तिचं टोक इंजिनच्या उघड्या लोखंडाला टेकवलं, चावी ऑन, पंखा घर्रर्र. वायर निर्दोष. उरला स्विच.

इथपर्यंत मी स्वतःवर फारच खूश होतो, रात्री जेवताना सगळ्यांना ही गोष्ट दोनदा सांगितली. आई तेव्हा आलेली होती, सहा महिन्यांसाठी, तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आता गाडी चालते का?" नाही आई, अजून नाही.

शनिवारी इंजिन पूर्ण थंड असताना थोडं कूलंट काढून स्विच बाहेर काढला. स्विच टेस्ट करायची रीत सोपी, पातेल्यात पाणी, पाण्यात स्विचचं पितळी टोक आणि टेंपरेचरची वायर, मीटरचे दोन टोक स्विचला, गॅस लावा आणि बीपची वाट बघा. पण माझा मीटर एकावेळी एकच दाखवतो, टेंपरेचर किंवा ओहम, डायल फिरवावा लागतो, म्हणून जुना मीटर ओहमला लावला आणि हा टेंपरेचरला. पाणी तापलं, 80, 90, बुडबुडे आले, 93, 94, पाणी खळाखळा उकळायला लागलं, 95. आणि तिथेच. पाणी पातेल्याबाहेर उडतंय आणि मीटर म्हणतोय 95. स्विच गप्प.

मी म्हटलं स्विच गेला, 41 डॉलरचा नवीन मागवला. मंगळवारी आला, बसवायच्या आधी तोही पातेल्यात घातला. उकळतंय, 95, स्विच गप्प. आता नवा कोरा स्विच पण खराब? गॅस अजून मोठा केला, पाणी अर्धं आटलं, 95. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला (असं मला वाटलं) की पाणी उकळतं 100 ला, हे शाळेत शिकलोय, मग उकळत्या पाण्यात 95 दाखवणारा मीटर खोटारडा आहे. तिथेच ओट्यापाशी उभं राहून फोनवर 1 स्टार टाकला. आणि रिटर्नची रिक्वेस्ट पण. नवा स्विच का गप्प होता हा प्रश्न तसाच राहिला होता, पण राग आला की माणूस एकाच गोष्टीवर काढतो.

आई मागे डाळ लावत होती. म्हणाली, "काय झालं?" म्हटलं, पाणी उकळतंय आणि हे यंत्र 95 सांगतंय, खोटं आहे. तिने कुकरचं झाकण लावता लावता, माझ्याकडे न बघता, म्हटलं, "अरे मग बरोबरच सांगतंय की. इथलं पाणी उकळतं पण तापत नाही. सांगलीला डाळ तीन शिट्ट्यांत गाळ होते, इथे पाच झाल्या तरी दाणा हाताला लागतो. महाबळेश्वरला मावशीकडे असंच व्हायचं."

मी तिथेच थिजलो. मी इंजिनिअर. या गावात 11 वर्षं राहतोय. इथे कॅपिटलच्या, म्हणजे राज्याच्या विधानभवनाच्या, पायऱ्यांवर कोरून ठेवलंय की ही पायरी समुद्रापासून एक मैल उंच, येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तिथे उभं करून फोटो काढतो मी. एक मैल म्हणजे 1609 मीटर. कळसूबाई 1646. म्हणजे आपण जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर संसार मांडलाय आणि तिथे पाणी 100 ला उकळेल अशी अपेक्षा धरून बसलोय. हवेचा दाब कमी, म्हणून पाणी 95 च्या आसपासच उकळतं, आणि एकदा उकळायला लागलं की गॅस कितीही मोठा करा, त्याच्या वर जात नाही, फक्त आटतं. स्विच जुळतो 97 ला. म्हणजे डेन्वरमध्ये पातेल्यातल्या पाण्यात हा स्विच जन्मात लागणार नाही, नवा असो की जुना! ही टेस्ट लिहिणाऱ्यांनी ती समुद्राकाठी बसून लिहिलेली. गाडीत प्रश्न येत नाही कारण तिथे रेडिएटरच्या झाकणाने दाब धरलेला असतो आणि पाण्यात ग्लायकॉल (कूलंटमधलं रसायन) असतं, त्यामुळे ते 97 च्या बरंच वर गेलं तरी उकळत नाही. कुकरच तो, शिट्टीचा नाही एवढंच.

खात्री म्हणून मग बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी ग्लासात घेऊन वायर बुडवली, दोन मिनिटं ढवळलं. 1 डिग्री. बर्फात 1 आणि इथल्या उकळत्या पाण्यात 95, म्हणजे 34 डॉलरच्या मानाने मीटर अगदी सरळ माणूस निघाला. पूर्ण स्टार परत.

आता पाणी नाही तर काय, तेल. तेल 97 काय, 180 ला पण शांत असतं. आदल्या रविवारी पुऱ्या तळल्या होत्या त्यातलं उरलेलं होतं. भांडं मात्र छोटं हवं, स्विच बुडेल आणि तेल पटकन तापेल असं. नजर फिरली आणि फोडणीच्या कढल्यावर थांबली. आई देवळात गेलेली होती.

कढल्यात चार बोटं तेल, स्विच स्वच्छ पुसून पूर्ण कोरडा करून (ओला घातलात तर तेल अंगावर उडेल, गंमत नाही), तांब्याच्या बारीक तारेने टेंपरेचरचा मणी स्विचच्या पितळी टोकाला बांधला, आणि दोन्ही गोष्टी तळाला टेकणार नाहीत अशा सांडशीत धरल्या. तळ जास्त तापतो, तिथे टेकलं तर आकडा खोटा येतो. गॅस अगदी बारीक. घाई केली तर तेल पुढे पळतं आणि स्विच मागे राहतो.

आधी नवा. 90, 92, 94, 95, इथे थोडा श्वास रोखला, 96, 97, टुण्ण! जुन्या मीटरवर 0.3 ओहम, म्हणजे पक्का जोड. गॅस बंद, तेल निवायला लागलं, 90 च्या खाली उतरल्यावर बीप थांबला. अगदी पुस्तकात लिहिल्यासारखं. मी एकटाच स्वयंपाकघरात टाळी वाजवली.

मग जुना, आणि हे नीट वाचा. 97, काही नाही. 100, काही नाही. 104 ला बीप नाही पण आकडा दिसला, 380 ओहम, मग 700, मग परत ओपन (म्हणजे जोडच नाही). सांडशीने हलकेच टिचकी मारली तर 60 वर आला आणि परत गेला. 112 ला मी गॅस बंद केला. म्हणजे तो मेलेला नव्हता, आत काँटॅक्ट जळून काजळी धरलेला, जोडल्यासारखं करायचा पण नीट जोडायचा नाही. मधूनच गाडी बरी का व्हायची ते कळलं, मे महिन्यात दोनदा पंखा फिरलेला मी स्वतः ऐकला होता. नुसत्या बीपवर विसंबलो असतो तर "बंद आहे" एवढंच कळलं असतं, आकडा बघितला म्हणून आजार कळला. हा मीटर ओहमचा आकडा भराभर बदलून दाखवतो, नंतर त्याच्यावर पण हाच प्रयोग करून बघितला, अडकत नाही.

नवा स्विच बसवला. आट्यांवर ती पांढरी टेप गुंडाळायची नाही, याची अर्थ आट्यांमधूनच जाते. कूलंट भरलं, पुढची चाकं रॅम्पवर चढवून, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून, हीटर गरमवर ठेवून इंजिन चालू ठेवलं म्हणजे आतली हवा निघून जाते. हे नीट करा, कारण स्विच ज्या जागी आहे तिथेच हवेचा बुडबुडा अडकला तर स्विच कितीही चांगला असला तरी त्याला गरम पाणी लागतच नाही आणि तुम्ही परत पहिल्या पानावर. मग झाकण लावलं, मीटरचा मणी रेडिएटरच्या वरच्या होजला (रबरी नळीला) टेपने चिकटवला आणि ड्राइव्हवेवर खुर्ची टाकून बसलो. 85. 88. काटा मधल्याच्या जरा वर. होजवर 91 दिसलं, होजचं बाहेरून मोजताना थोडं कमीच येतं, आणि पंखा सुरू झाला. अडीच मिनिटं फिरला, थांबला. परत सहा मिनिटांनी सुरू. तासभर हेच बघत बसलो. मुलगी येऊन विचारून गेली, "बाबा, तुम्ही पंखा बघताय?" हो बाळा.

त्या गॅरेजवाल्याबद्दल एक न्यायाचं बोलायला हवं, रेडिएटरबद्दल तो चुकला नव्हता. या गाड्यांच्या रेडिएटरची वरची प्लास्टिकची टाकी नवी असताना काळी असते आणि म्हातारी झाली की तपकिरी होते, माझी चांगलीच चहाच्या रंगाची झालीये. तडकायच्या आधी बदलायला हवा, पुढच्या महिन्यात मीच बदलणार, चार बोल्ट आणि दोन होज. पण त्याने रेडिएटर बरोबर सांगितला म्हणून न तपासलेला पंखा माझ्या गळ्यात मारणं बरोबर होत नाही, आणि 149 डॉलर तपासायचेच घेतले होते.

तर मीटर. कोणी घ्यावा : ज्याच्याकडे जुनी गाडी आहे आणि वायरिंगची भीती थोडी कमी करायची आहे. टेंपरेचर, बीप आणि ओहमला पूर्ण मार्क. स्क्रीनचा दिवा 15 सेकंदात विझतो, गाडीखाली आडवं पडलेलं असताना फार चिडचिड होते. डायल घट्ट आहे, एका हाताने फिरत नाही. टेंपरेचरची वायर पातळ आहे, बॉनेटमध्ये चेपली तर गेली समजा. अँपिअर मोजायला घेऊ नका आणि घरच्या विजेवर लावू नका. 4 स्टार. रिटर्नची रिक्वेस्ट रद्द केली, जुना रिव्ह्यू काढून टाकला, विकणाऱ्याला सॉरीचा मेसेजही टाकला, त्याचं उत्तर आलं "थँक यू डिअर फ्रेंड" आणि खाली पुढच्या खरेदीवर 5 टक्के सूट.

कढल्याचं मात्र वाईट झालं. स्विच मी पुसला असला तरी 30 वर्षं कूलंटमध्ये राहिलेली वस्तू ती, ग्लायकॉल विषारी असतं, त्या भांड्यात परत फोडणी करायची नाही हे मीच आईला सांगितलं. मग तिने विचारलं, त्यात तू काय तळत होतास, आणि मग मला सगळं सांगावं लागलं. ते कढलं तिने सांगलीहून बॅगेत घालून आणलं होतं. आता ते गॅरेजमध्ये स्क्रू ठेवायला आहे, आणि इथल्या इंडियन स्टोअरमध्ये तसलंच लोखंडी 12 डॉलरला मिळालं, तेव्हा मीटर 34 चा नाही, 46 चा धरा.